तंबाखूच्या गावात तंबाखू सोडणे : निपाणीतील एका हमालाचे प्रकरण

हे प्रकरण निपाणीतील तंबाखूच्या वखारीत हमाली करणाऱ्या एका गृहस्थांचे आहे. वय पन्नाशीच्या आसपास; घरी पत्नी आणि महाविद्यालयात शिकणारा मुलगा, तर मुलगी लग्न होऊन गडहिंग्लजकडे दिलेली. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून येथेही तोच उल्लेख ठेवला आहे. हे लिहिण्यास त्यांनी परवानगी दिली असून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. निपाणीत दातांचा दवाखाना चालवताना तंबाखूने खराब झालेली तोंडे रोज पाहावी लागतात आणि ‘तंबाखू सोडा’ हेही रोज सांगावे लागते. ते ऐकून खरोखर सोडणारे फार थोडे असतात, आणि सोडल्यावर वर्षभर टिकणारे त्याहून थोडे. अण्णांचा बदल टिकला. तो कशामुळे टिकला हे नीट मांडले तर या भागातील इतरांना त्याचा उपयोग होईल, असे मला मनापासून वाटते.

माणसाने मनावर घेतले की काहीही होते असे मानणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि परिस्थितीपुढे कोणाचे काही चालत नाही असे मानणारेही तितकेच आहेत. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये या दोन्ही बाजू एका सूत्रात आणल्या : माणसाचे वागणे हे तो माणूस आणि त्याचा भोवताल या दोहोंवर अवलंबून असते. सूत्र बरोबर आहे. परंतु सुरुवात कोणत्या टोकाकडून करावी हे त्यातून कळत नाही. अण्णांच्या प्रकरणातून मला जे शिकायला मिळाले ते या क्रमाविषयीच आहे.

पार्श्वभूमी

निपाणी आणि चिकोडीचा परिसर, तसेच सीमेपलीकडील कागल तालुक्याचा काही भाग, हा विडीच्या तंबाखूचा जुना पट्टा आहे. येथे तंबाखू हे नुसते पीक नाही. किती तरी घरांची लग्ने, शिक्षणे आणि देणी तिच्या भावावर ठरत आली आहेत. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी पुणे-बेंगळूर महामार्गावर ठाण मांडले आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. अण्णांचे वडील त्या आंदोलनात रस्त्यावर बसलेले होते. घरात तंबाखूविषयी बोलणे निघाले की ही आठवण निघतेच, आणि तंबाखूला नाव ठेवणे म्हणजे त्या बसलेल्या माणसांना नाव ठेवण्यासारखे आहे, अशी एक न बोललेली समजूत त्या घरात होती. तिचा या प्रकरणाशी थेट संबंध आहे.

अण्णांनी चौदाव्या-पंधराव्या वर्षी तंबाखू मळायला सुरुवात केली. दवाखान्यात ते आले ते फेब्रुवारीत, वखारीत आवक भरात असताना, दाढदुखीसाठी. दाढ पाहताना खालच्या ओठाच्या आत, डाव्या बाजूच्या खोबणीत, नेमका जेथे बार धरला जातो तेथे, अंगठ्याच्या नखाएवढा पांढरट, सुरकुतलेला चट्टा दिसला. कापसाने पुसून तो जात नव्हता. आरशात तो त्यांना दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचे थोरले भाऊ काही वर्षांपूर्वी तोंडाच्या कर्करोगाने गेले होते. चट्ट्याचा तुकडा तपासणीसाठी पाठवला. सुदैवाने पेशींमध्ये कर्करोगाकडे झुकणारे बदल आढळले नाहीत. असे सर्वच चट्टे कर्करोगात बदलत नाहीत आणि तंबाखू थांबवल्यावर पुष्कळदा मावळतात, हे मी त्यांना सांगितले. त्यावर त्यांचे उत्तर होते, “डॉक्टर, तंबाखू सोडायची म्हंजी निपाणीच सोडाय पायजे.”

हे उत्तर टाळाटाळीचे म्हणून सोडून देता येत नाही. उठल्यानंतर पाच मिनिटांच्या आत पहिला बार, दिवसभरात बारा-तेरा बार, आणि दिवसाचे आठ-नऊ तास पायाखाली, अंगावर, श्वासात तंबाखूच : इतके सर्व असलेल्या माणसाने केलेले ते आपल्या परिस्थितीचे वर्णन होते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील २१.४ टक्के प्रौढ लोक धूररहित तंबाखू वापरतात. परंतु त्यांतील बहुतेकांना तंबाखू निदान विकत आणावी लागते. अण्णांना ती कामाच्या जागी मूठभर उचलता येत होती. तंबाखूच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागेत धोक्याचे चित्र छापावे लागते. वखारीतून चंचीत येणाऱ्या सुट्या तंबाखूवर कसलेही चित्र नसते. सरकारी दवाखान्यातून मिळालेले पत्रक घरी पडून होते, पण ते कन्नडमध्ये होते आणि अण्णांचे शिक्षण चौथीपर्यंत मराठीत झालेले. ते पत्रक पुढे मुलाने त्यांना वाचून दाखवले.

आधीचे दोन प्रयत्न

भावाच्या तेराव्याला अण्णांनी सर्वांसमक्ष तंबाखू सोडल्याची शपथ घेतली होती. ती चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी वखारीत पोती उतरवून झाल्यावर जोडीदाराने मळून हात पुढे केला आणि अण्णांनी चिमूट घेतली. दुःख खरे होते आणि निर्धारही खरा होता. मोडल्यानंतर मात्र त्यांनी स्वतःविषयी जो निष्कर्ष काढला तो असा, की सख्ख्या भावाच्या मरणानेही ज्याला अक्कल आली नाही त्याच्याने आता काही होणार नाही. या निष्कर्षाने पुढची काही वर्षे खाल्ली.

दुसरा प्रसंग त्यांनी प्रयत्न म्हणून सांगितलाच नव्हता. बोलता बोलता तो निघाला. एके वर्षी कार्तिकीला ते गल्लीतल्या दिंडीबरोबर पायी पंढरपूरला गेले. दिंडीत तंबाखू खाणारे नसतात असे मुळीच नाही, परंतु या दिंडीचे प्रमुख याबाबतीत कडक होते. वाटेत बार लावलेला दिसला तर विणा हातात मिळत नसे आणि पंगतीत चार शब्द ऐकून घ्यावे लागत. जाऊन येईपर्यंत अण्णांनी तंबाखूला हात लावला नाही. पहिले दोन-तीन दिवस डोके जड झाले, चिडचिड झाली, झोप नीट लागली नाही. नंतर आपण खात नाही याची आठवणही झाली नाही. परत आल्यावर तिसऱ्याच दिवशी वखारीत चंची पुन्हा खिशात आली. या साऱ्या प्रकाराला त्यांनी ‘पांडुरंगाची कृपा’ असे नाव देऊन ठेवले होते, आणि कृपा संपल्यावर आपण पूर्वीसारखे झालो यात त्यांना काही नवल वाटत नव्हते.

त्यांच्या श्रद्धेला धक्का न लावता मी एवढेच विचारले, की वारीत जो माणूस चालत होता तो वखारीतल्या माणसाहून वेगळा होता का? शरीर तेच, तीस-पस्तीस वर्षांची सवय तीच, भावाच्या मरणाचे दुःखही तेच. बदलले होते ते उठण्याचे ठिकाण, सोबतची माणसे, हातातले काम आणि दिवसाचा क्रम. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी १९७० च्या दशकात केलेला अभ्यास येथे आठवतो. तेथे असताना सुमारे एक पंचमांश सैनिक हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेले होते. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षभरात त्यांपैकी सुमारे पाच टक्केच पुन्हा व्यसनी झाले. हा आकडा त्या काळात अनेकांना खरा वाटला नाही. मात्र सैनिकांनी ज्या भोवतालात व्यसन धरले तो मागे टाकून ते घरी आले होते, तर अण्णा घरी आले ते थेट तंबाखूच्या ढिगावर. म्हणूनच वारीचा अनुभव त्यांना उपयोगी पडायचा असेल, तर वारीतले नेमके काय वखारीत आणता येईल हे शोधणे भाग होते.

वहीतील नोंदी

सोडण्याची तारीख लगेच ठरवली नाही. आधी एक आठवडा नेहमीप्रमाणे तंबाखू खावी, मात्र प्रत्येक बार कोठे, कोणाबरोबर आणि कशानंतर लावला हे लक्षात ठेवून रात्री मुलाकडून वहीत लिहून घ्यावे, असे ठरले. मुलाने हे काम फार नेटकेपणाने केले. वहीतले एक पान माझ्यासमोर आहे : ‘पहाटे, संडासला जायच्या आधी. वखारीच्या दारात, चप्पल काढताना. गाडी उतरल्यावर, सगळे बसले तेव्हा, दुसऱ्याच्या चंचीतली. जेवण झाल्यावर. काट्यावर थांबलो तेव्हा, उगंच. संध्याकाळी कट्ट्यावर, चौघांत.’

‘उगंच’ लिहिलेले बार सोडले तर उरलेल्या बहुतेक नोंदींना एक ठराविक जागा आणि एक ठराविक वेळ होती. खरोखर तलफ आली म्हणून लावलेले बार दिवसाकाठी तीन-चारच होते. सकाळचा पहिला बार पोट साफ होण्यासाठी लागतो अशी त्यांची ठाम समजूत होती, आणि ती आपल्या भागात घरोघरी आहे. वखारीतले बार मात्र जवळजवळ सगळे दुसऱ्याने चंची काढल्यावर आलेले होते. येथे तंबाखू देणे-घेणे हा माणसे जोडण्याचा मार्ग आहे. अनोळखी माणसाशी बोलायचे तर ‘चुना हाय का?’ हा पहिला प्रश्न असतो. मळलेली चिमूट पुढे आली आणि ती नाकारली तर देणाऱ्याला आपला अव्हेर झाल्यासारखे वाटते. वयाने, जातीने, पैशाने वेगळी असलेली माणसे या एका चिमटीपुरती बरोबरीला येतात. तंबाखू सोडणाऱ्याला निकोटिन सोडावे लागतेच, पण त्याबरोबर बसण्याउठण्याची ही जागाही सोडावी लागते, आणि ही दुसरी गोष्ट दवाखान्यात कोणी विचारात घेत नाही.

त्या वहीने आणखी एक काम केले, जे मी अपेक्षिले नव्हते. ‘आमच्या रक्तातच तंबाखू हाय’ असे म्हणणारे अण्णा आठवड्याच्या शेवटी म्हणाले, “रक्तात कसली, ही तर कट्ट्यावर हाय.” आपला दोष स्वभावात आहे असे मानणाऱ्याला करण्यासारखे काही उरत नाही, तोच दोष चार जागी आणि सहा वेळांना आहे असे दिसले की निदान कोठे हात घालायचा ते कळते. मनोभूमिका बदलली ती येथे, आणि ती उपदेशाने बदलली नाही, स्वतःच्या दिवसाकडे नीट पाहिल्याने बदलली.

माणसाची क्षमता प्रयत्नाने वाढते असे मानणारे लोक अधिक पुढे जातात, हा कॅरल ड्वेक यांचा विचार आता शाळाशाळांतून सांगितला जातो. तो मोलाचा आहे, परंतु त्याच्या मर्यादाही माहीत असाव्यात. डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतील बारा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात, अशी धारणा रुजवणाऱ्या छोट्या पाठांमुळे अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या परीक्षेतील श्रेणीत, सुमारे चार गुणांच्या मोजपट्टीवर, सरासरी ०.१० इतकी वाढ झाली. आणि जेथे सोबतच्या मुलांचे वागणे त्या धारणेला पूरक होते, तेथे परिणाम अधिक दिसला. परिणाम खरा आहे, पण लहान आहे, आणि त्यालाही भोवतालची साथ लागते. नुसते ‘तुम्ही करू शकता’ असे सांगून अण्णांना वखारीत परत पाठवणे मला अन्यायाचे वाटले असते.

लक्ष्मीचा प्रश्न

तारीख ठरवण्याआधी एक अडचण सुटायची होती. ज्या पिकाने घर चालवले, ज्याच्या भावासाठी वडील रस्त्यावर बसले, ते तोंडातून थुंकून टाकणे अण्णांना कृतघ्नपणाचे वाटत होते. वखारीत शिरताना ते उंबऱ्याला हात लावून नमस्कार करतात. तंबाखू त्यांच्या लेखी लक्ष्मी आहे. ‘तंबाखू विष आहे’ हे वाक्य अशा माणसाच्या मनात शिरतच नाही, कारण ते मान्य करायचे तर आपले सगळे आयुष्य विषाची पोती वाहण्यात गेले असे मान्य करावे लागते.

हा गुंता त्यांचा त्यांनीच सोडवला. ज्या वखारीत ते इतकी वर्षे काम करतात तिचे मालक तंबाखूचा भाव नुसत्या वासावरून सांगतात, पण आजवर त्यांनी पान तोंडात घातलेले नाही. त्यांच्या वडिलांनीही घातले नव्हते. ही गोष्ट अण्णांना पहिल्यापासून ठाऊक होती, पण तिचा अर्थ आपल्यासाठी काय, हा विचार कधी केलेला नव्हता. लक्ष्मीची पूजा करायची तर ती खावी लागत नाही, असे त्यांनी एके दिवशी पत्नीला सांगितले आणि पत्नीने ते मला सांगितले. पिकाशी असलेले नाते आणि तोंडातला बार या दोन गोष्टी त्या दिवशी वेगळ्या झाल्या. तंबाखूच्या शेतीचे पुढे काय व्हावे, हा मोठा प्रश्न आहे आणि तो एका हमालाच्या तोंडावर लादणे योग्य नाही.

भोवतालात काय बदलले

तारीख ठरली ती गुढीपाडव्याची. त्याआधीच्या दहा-बारा दिवसांत बरेच काही हलवण्यात आले, आणि माझ्या मते या प्रकरणाचे मर्म त्या दिवसांतच आहे.

अण्णांची चंची नेहमी शर्टाच्या बाजूच्या खिशात असे. पत्नीने कामाच्या तिन्ही शर्टांचे ते खिसे पांढऱ्या दोऱ्याने शिवून टाकले. पहिल्या आठवड्यात हात दिवसातून कितीदा तेथे गेला हे सांगताना ते बोटांनी शिवणीवरून कसे चाचपत, ते करून दाखवत. हात जायचा, दोऱ्याला लागायचा आणि तेवढ्यात आपण काय करत होतो हे ध्यानात यायचे. सवयीचे काम विचाराच्या आधी होते. त्या दोऱ्याने विचाराला पोहोचायला क्षणभर अवधी मिळवून दिला. वरच्या खिशात बडीशेप आणि भाजलेला ओवा यांची पुडी ठेवली होती.

वखारीत दोन बदल झाले. मुकादमाने त्यांना महिनाभर चाळणीकडून काट्याकडे घेतले, त्यामुळे अंगावर उडणारी धूळ कमी झाली. हे मुकादमाने सहज केले नाही; चट्ट्याचे तपासणीपत्र पाहिल्यावर आणि अण्णांच्या भावाची आठवण निघाल्यावर त्याने होकार दिला. दुसरे म्हणजे गाडी उतरल्यानंतरच्या सुट्टीत जोडीदारांच्या गोलात न बसता अण्णा चहाच्या टपरीकडे ड्रायव्हर लोकांत बसू लागले. जोडीदारांना वाईट वाटू नये म्हणून त्यांनी आधीच प्रत्येकाला आरशात दिसलेल्या चट्ट्याविषयी सांगून ठेवले होते. ‘मी सोडली’ असे म्हटले असते तर थट्टा झाली असती आणि लोकांनी पैजा लावल्या असत्या. ‘तोंडात भावासारखं काय तर उठलंय’ म्हटल्यावर कोणी चिमूट पुढे केली नाही. संध्याकाळच्या कट्ट्याऐवजी त्या वेळी विठ्ठल मंदिरात हरिपाठाला बसणे ठरले. तेथे त्यांना नवी माणसे जोडावी लागली नाहीत. दिंडीतलीच माणसे होती.

‘असे झाले तर मी असे करीन’ या रूपात आधी ठरवून ठेवलेला संकल्प अधिक वेळा पार पडतो, हे पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले. अण्णांचे संकल्प याच धर्तीचे होते : चप्पल काढली की चूळ भरायची, जेवण झाले की बडीशेप, कोणी चिमूट पुढे केली की ओठाला बोट लावून मान हलवायची. पहाटेच्या बाराच्या जागी दोन तांबे कोमट पाणी आणि गल्लीच्या टोकापर्यंत फेरी ठेवली. पोटाचा त्रास दोन आठवडे झाला. पालेभाज्या आणि पाणी वाढवल्यावर तो थांबला. तो थांबल्याचे त्यांना फार आश्चर्य वाटले, कारण तंबाखूवाचून पोट साफ होत नाही ही त्यांची सर्वांत पक्की समजूत होती.

शरीराची बाजू दुर्लक्षून चालणार नव्हते. निकोटिन सोडल्यानंतरचा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतो. यासाठी दोन मिलिग्रॅमचे निकोटिनचे च्युइंग गम दिले. ते साध्या च्युइंग गमसारखे सतत चावायचे नसते. दोन-चारदा चावून झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचे, चव गेली की पुन्हा चावायचे. बार धरायची सवय असलेल्या माणसाला हे लगेच जमते. चहा घेतल्यावर लगेच मात्र ते धरू नये, कारण तोंडात आंबटपणा असला की निकोटिन नीट शोषले जात नाही. अण्णा टपरीवर बसत असल्याने ही सूचना त्यांना तीनदा द्यावी लागली. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी असलेल्या १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवेवर मुलाने त्यांचे बोलणे करून दिले. मराठीतून बोलता आले, याचे त्यांना समाधान वाटले.

घरात एक प्रश्न राहिला. अण्णांची पत्नी पूर्वी विड्या वळत असे आणि लग्नापासून मिश्री लावते. सकाळी तव्यावर मिश्री भाजली की तो वास घरभर पसरतो, आणि अण्णांच्या वहीत ‘पहाटे’ या नोंदीशेजारी मुलाने एकदा ‘मिश्रीचा वास’ असेही लिहिलेले होते. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बारा हजारांवर लोकांच्या तीन दशकांच्या नोंदी तपासल्या होत्या. पती-पत्नींपैकी एकाने धूम्रपान सोडले तर दुसऱ्याने धूम्रपान करण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते आणि मित्राने सोडले तर ३६ टक्क्यांनी, असे त्यात आढळले. मिश्रीवर तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण दिशा तीच आहे. वहिनींनी भाजणे बंद केले आणि मिश्री शेजारणीकडून तयार आणू लागल्या. त्यांनी ती सोडलेली नाही. नवऱ्याचे तोंड वाचावे म्हणून झटणाऱ्या बाईच्या तोंडाकडे घरातल्या कोणाचेच लक्ष नसावे, ही गोष्ट मला सलते.

मयताची रात्र

सहाव्या आठवड्यात जवळच्या गावी एका नातलगाचे निधन झाले. रात्रभर अंगणात बसणे होते. चंच्या फिरत होत्या. शिवलेल्या खिशाचा शर्ट अंगात नव्हता, कारण तो कामाचा. अण्णांनी पहाटेपर्यंत दोन बार लावले.

भावाच्या तेराव्यानंतर जे घडले होते ते पुन्हा घडण्याची हीच जागा होती. एकदा मोडले की सगळे मोडले, अशी आपली समजूत असते; उपवास मोडल्यावर मग पोटभरच जेवावे, तसा हा हिशेब. ॲलन मार्लॅट यांनी व्यसनमुक्तीच्या अभ्यासात हेच सांगितले आहे : चुकून घेतलेल्या एका घोटापेक्षा, त्यानंतर स्वतःविषयी काढलेला ‘मी असाच’ हा निष्कर्ष माणसाला जास्त मागे नेतो. अण्णा दुसऱ्या दिवशी आपण होऊन दवाखान्यात आले. वही बरोबर होती. मुलाने लिहिले होते : ‘मयत, रात्र, मामांची चंची, शर्ट दुसरा.’ त्या ओळीत दोष कोणाचा हे नव्हते. जागा, वेळ, माणूस आणि शर्ट एवढेच होते. तिच्याकडे पाहून अण्णा म्हणाले, “बाहेरगावी जायाच्या शर्टाचाबी खिसा शिवाय पायजे.”

माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य हे आहे. पूर्वीचा माणूस अशा वेळी स्वतःला शिव्या देत असे. आताचा माणूस खिशाचा विचार करत होता. मनोभूमिकेचे खरे काम अशा वेळीच असते. तलफ आली त्या क्षणी तिच्याशी झुंजण्यापेक्षा, पाय घसरल्यावर आपण काय समजायचे आणि पुढे कोणती जागा दुरुस्त करायची हे ठरवण्यात तिचा उपयोग अधिक होतो. लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे आढळले; पण कोणाला १८ पुरले तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. तो अभ्यास चांगल्या सवयी लावण्याचा होता, व्यसन सोडण्याचा नव्हता. तरी एका रात्रीने सहा आठवडे पुसले जात नाहीत हे अण्णांना समजावताना तो मला उपयोगी पडला. २१ दिवसांत सवय बदलते, असे जे जागोजागी सांगितले जाते त्याने मात्र नुकसान होते. बाविसाव्या दिवशी तलफ आलेला माणूस स्वतःला नालायक ठरवतो.

शपथ शेवटी

कार्तिकीला अण्णा पुन्हा दिंडीबरोबर गेले आणि पंढरपुरात त्यांनी तुळशीची माळ घातली. माळ घातल्यावर मांसाहार आणि व्यसन वर्ज्य होते. आणि माळकऱ्याने ते मोडले तर ते सगळ्या गावाला दिसते. ही शपथ भावाच्या तेराव्याच्या शपथेइतकीच जाहीर होती. फरक वेळेचा होता. त्या वेळी शपथ आधी घेतली आणि खिसा, कट्टा, जोडीदारांचा गोल, पहाटेचा बार हे सर्व जसेच्या तसे ठेवले. मग त्या सर्वांशी एकट्या शपथेला लढावे लागले. या वेळी सात महिने आधी भोवताल हळूहळू हलवला गेला होता, तंबाखू तोंडातून गेलेली होती, आणि मग उभ्या राहिलेल्या गोष्टीला राखण म्हणून माळ आली.

श्रावणातही आपण हेच पाहतो. एरवी मांसाहार आणि दारू न सोडणारी माणसे महिनाभर सहज राहतात, कारण घरातली चूल बदललेली असते, सोबतीही घेत नसतात आणि विचारणारा कोणी नसतो. भाद्रपद लागल्यावर भोवताल परत येतो आणि माणूसही. तंबाखूला श्रावण नाही; ती पंगतीत, देवळाच्या पायरीवर, मयताला, लग्नाला सारखीच चालते, आणि तिला सोडणाऱ्याला गावाची आयती साथ मिळत नाही. ती साथ एकेका माणसाकडून मागून घ्यावी लागते : मुकादमाकडून, जोडीदारांकडून, पत्नीकडून, दिंडीप्रमुखांकडून. अण्णांनी ती मागितली, यातच त्यांचा निर्धार मला सर्वांत स्पष्ट दिसतो.

सर्वांनाच अशी साथ मिळत नाही, हेही नोंदले पाहिजे. अण्णांचे पाहून त्याच वखारीतील दोघे दवाखान्यात आले. त्यांपैकी एकाने बार निम्म्यावर आणले आहेत. दुसरा रोजंदारीवर वेगवेगळ्या वखारींत जातो. त्याला जागा बदलून देणारा मुकादम नाही आणि घरी लिहिणारे कोणी नाही. तो दोनदा थांबून पुन्हा सुरू झाला. त्याचा निर्धार अण्णांपेक्षा कमी होता असे मी म्हणणार नाही.

सध्याची स्थिती

मयताच्या रात्रीनंतर अण्णांनी तंबाखू घेतलेली नाही. ओठाच्या आतील चट्टा तिसऱ्या महिन्यापर्यंत विरळ झाला आणि पुढील तपासणीत दिसला नाही. तरी दर सहा महिन्यांनी तपासणी चालू राहील, कारण इतक्या वर्षांच्या सेवनाचा धोका एकाएकी शून्य होत नाही. तिखट खाल्ल्यावर होणारी तोंडाची आग थांबली आहे. वहिनींनी तोंड तपासून घेतले असून मिश्री आता दिवसातून एकदाच लावतात.

यंदाच्या हंगामात माणसे कमी असल्याने दोन आठवडे चाळणीवर जावे लागेल, असे मुकादमाने आधीच सांगून ठेवले आहे. धुळीतून निकोटिनही अंगात जाते आणि वासाने जुनी आठवणही जागी होते, म्हणून त्या दोन आठवड्यांसाठी नाकातोंडाला ओला पंचा बांधावा, च्युइंग गमचे एक पाकीट आणून ठेवावे, मुलाने वही पुन्हा सुरू करावी आणि सुट्टीत ड्रायव्हर लोकांकडेच बसावे, असे आमच्यात ठरले आहे.